फासा कुठे पडतो?

बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये कात्रप भागातली मंडळी चढली, चौघांना समोरासमोर जागा मिळाली, की एक फोन मध्ये येतो आणि लुडो सुरू होतो. सीएसएमटीपर्यंतचा रस्ता दीड तासाचा. त्यात कधीतरी एखाद्याला दहा फेऱ्या फिरूनही सहा पडत नाही, सोंगटी घराबाहेर निघत नाही आणि ठरलेलं वाक्य येतंच: ‘सेटिंग आहे याच्यात.’

या शंकेची पहिली तपासणी कागदावरच होते. सरळ फाशावर सलग दहा वेळा सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. चौघे खेळत असतील, तर त्यांतल्या निदान एकावर ही पाळी येण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या किंचित वर जाते. म्हणजे फाशात काडीचीही खोट नसली, तरी दर दोन डावांपैकी एका डावात कुणीतरी दहा फेऱ्या हात चोळत बसणारच.

तरीही शंका घेणाऱ्याला वेड्यात काढू नये. नवी मुंबईच्या गेमेशन टेक्नॉलॉजीजने २०१६ साली आणलेला ‘लुडो किंग’ फुकट खेळता येतो आणि २०२०च्या टाळेबंदीत तो घरोघर पोचला. पण लुडोच्या त्या लाटेवर पैसे लावून खेळायची ॲपही आली. २०२१ साली मनसेच्या एका पदाधिकाऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ‘लुडो सुप्रीम’ या ॲपवरचा लुडो कौशल्याचा नसून नशिबाचा खेळ आहे, म्हणून तो जुगार ठरतो, असं तिचं म्हणणं. पुढे २२ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला सारला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली. एक प्रश्न मात्र कायद्याने सुटण्यासारखा नव्हता आणि सुटलाही नाही. आपल्या फोनवर किंवा संगणकावर चालणारा खेळ आत काय करतो, हे खेळणाऱ्याला बघता येतं का?

बघता येतं, आणि बहुतेकांना वाटतं त्याहून पुष्कळ जास्त बघता येतं. ज्या गोष्टीवर संशय असतो, ती मात्र अनेकदा त्या दिसणाऱ्या भागात नसते.

सी किंवा सी++मध्ये लिहिलेला खेळ कंपाइल झाला की प्रोग्रॅमरने दिलेली नावं गळून पडतात. उरतात यंत्राच्या सूचना आणि आकडे. अमुक खान्यातला आकडा नाणी आहे की आयुष्य, हे प्रोसेसरला कळायची गरज नसते. सी शार्प या भाषेचं तसं नाही. तो कोड थेट यंत्रभाषेत न जाता एका मधल्या भाषेत उतरतो आणि सोबत सविस्तर यादी ठेवतो: क्लास कोणते, त्यांत फील्ड कोणती, मेथड कोणत्या, कुणाला काय द्यायचं आणि कुणाकडून काय परत यायचं. खेळ सुरू झाल्यावर रनटाइम ती यादी वाचतो आणि एखादी मेथड पहिल्यांदा लागली की तेव्हाच तिचं यंत्रभाषेत रूपांतर करतो. मेमरीही तोच देतो आणि तोच परत घेतो. ‘मॅनेज्ड’ म्हणतात ते यालाच.

सी शार्पचा मूळ रनटाइम म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डॉट नेट, तो २००२ साली आला. मिगेल दे इकाझा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये मोनो हा त्याचा मुक्त अवतार जाहीर केला होता, त्याची पहिली पक्की आवृत्ती २००४ची. कोपनहेगनच्या तिघांनी २००५मध्ये युनिटी हे इंजिन आणलं आणि खेळाचं तर्कशास्त्र लिहिण्यासाठी त्यात मोनो बसवलं. त्यांनी हा निर्णय घेतला तेव्हा त्याचा एवढा दूरवर परिणाम होईल असं कुणाच्या ध्यानीमनीही नसेल. युनिटी जगभर पसरलं आणि त्याबरोबर नावासकट वाचता येणारा कोडही लाखो संगणकांवर पोचला.

युनिटीचा जुन्या धाटणीचा खेळ विंडोजवर उतरवला की त्याच्या डेटा फोल्डरमध्ये ‘मॅनेज्ड’ नावाचा फोल्डर सापडतो. त्यात ‘असेंब्ली-सीशार्प’ नावाची डीएलएल फाइल असते, आणि खेळाचं बहुतेक तर्कशास्त्र तिच्यातच. ती आयएलस्पाय या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडली की जवळजवळ मूळ कोड समोर येतो. टिपा गेलेल्या असतात, मेथडच्या आतल्या तात्पुरत्या चलांची नावं गेलेली असतात, बाकी सगळं शाबूत. आयएलस्पायच्या जन्मालाही एक भांडण कारण झालं. आधी सगळे ‘रिफ्लेक्टर’ वापरायचे, तो फुकट होता. रेड गेट या कंपनीने तो विकत घेतला आणि २०११मध्ये आता पैसे पडतील असं जाहीर केलं. प्रोग्रॅमर मंडळी चिडली आणि त्याच वर्षी मुक्त पर्याय उभा राहिला.

ही झाली बंद खेळाची तपासणी. चालता खेळ उघडून बघायला मेमरी एडिटर लागतो. त्यातलं सर्वांत परिचित नाव ‘चीट इंजिन’. एरिक हाइनेन या डच प्रोग्रॅमरने ते बांधलं, पास्कलमध्ये लिहिलं आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला ठेवला. नावामुळे ते बदनाम आहे. ते आत कसं काम करतं हे पाहिलं, तर चांगल्या डीबगरच्या पंगतीत त्याला बसवावं लागतं.

एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. एखाद्या विद्यार्थ्याने युनिटीत स्वतःच एक छोटा खेळ बनवला आहे, त्यात नाणी गोळा करायची. पडद्यावर २५० दिसतात. चीट इंजिनला खेळाची प्रोसेस दाखवायची आणि मेमरीत २५० हा आकडा शोधायला सांगायचं. हजारो खाने सापडतात, कारण २५० कुठेही असू शकतो. खेळात दहा नाणी खर्च करायची आणि सापडलेल्या खान्यांत आता २४० कुठे आहे ते विचारायचं. दोनतीन वेळा हे केलं की एकदोन खानेच उरतात. इथपर्यंतची युक्ती कुठल्याही खेळाला चालते. पुढचा प्रश्न असा: या खान्यात लिहितं कोण? त्यासाठी एक वेगळी आज्ञा आहे. ती दिली, पुन्हा एक नाणं गोळा केलं, की लिहिणारी नेमकी सूचना पकडली जाते. साध्या खेळात तिच्यापुढे नुसता पत्ता दिसतो, भलामोठा आकडा. पण मेन्यूतून मोनोची सोय चालू केलेली असेल, तर त्याच जागी क्लासचं नाव, मेथडचं नाव आणि त्या मेथडच्या सुरुवातीपासूनचं अंतर दिसतं. विद्यार्थ्याने ‘खेळाडू’ नावाचा क्लास आणि ‘नाणीवाढव’ नावाची मेथड लिहिली असेल, तर तीच नावं पडद्यावर उमटतात. आपण लिहिलेली ओळ प्रोसेसरपर्यंत पोचताना काय रूप घेते, हे इतक्या सरळपणे दाखवणारं दुसरं साधन महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत क्वचितच असेल.

हे जमतं कसं? चीट इंजिन आपली एक छोटी डीएलएल खेळाच्या प्रोसेसमध्ये सोडतं. ती मोनोलाच प्रश्न विचारते, कारण मोनोने स्वतःची चौकशीची फंक्शन्स बाहेरून वापरण्यासाठी उघडी ठेवलेली आहेत. कुठल्या असेंब्ली चढल्या आहेत, या क्लासमध्ये फील्ड किती, या पत्त्यावर कुठली मेथड? रनटाइम उत्तरं देतो आणि त्यांतून सबंध क्लासांचं झाड उभं राहतं. फील्डसमोर अंतर लिहिलेलं असतं. ६४ बिटांच्या मोनोत प्रत्येक वस्तूचे पहिले सोळा बाइट रनटाइमच्या नोंदींना जातात, म्हणून स्वतःचं पहिलं फील्ड सोळाव्या बाइटापासून सुरू होतं. मजकूर असेल तर सोळाव्यावर त्याची लांबी आणि विसाव्यापासून एकेक अक्षर, प्रत्येकी दोन बाइटांचं.

इथे नवखे एका गोष्टीवर हमखास अडतात. मेथड अजून एकदाही चालली नसेल, तर तिचा यंत्रभाषेतला कोड मेमरीत नसतोच, मग शोधून सापडणार कसा? चीट इंजिन अशा वेळी मोनोला ती मेथड आत्ताच कंपाइल कर असं सांगू शकतं. दुसरी अडचण गार्बेज कलेक्टरची, म्हणजे वापरून झालेली मेमरी परत घेणाऱ्या भागाची. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर चालणाऱ्या ‘टेरारिया’सारख्या खेळात तो जिवंत वस्तू सरकवून मेमरीतल्या फटी बुजवतो, त्यामुळे शोधलेला पत्ता काही वेळाने भलत्याच वस्तूचा निघतो. युनिटीचा कलेक्टर वस्तू जागच्या हलवत नाही, म्हणून तिथे नवशिक्याचं काम सोपं होतं.

फोनवर आलं की चित्र पालटतं. ॲपलने १ फेब्रुवारी २०१५पासून नव्या ॲपसाठी ६४ बिटांची सक्ती केली, गूगलने प्ले स्टोअरवर १ ऑगस्ट २०१९पासून. युनिटीतलं मोनो त्या प्रोसेसरवर तशा रूपात चालत नव्हतं. त्यावर युनिटीने ‘आयएल-टू-सीपीपी’ हा मार्ग काढला. मधल्या भाषेतला कोड आधी सी++मध्ये उतरवायचा आणि मग नेहमीसारखा कंपाइल करायचा. म्हणून युनिटीवर बनलेल्या अलीकडच्या अँड्रॉइड खेळात ती वाचनीय डीएलएल सापडत नाही. सापडते यंत्रभाषेची एक मोठी फाइल.

पण नावं तिथेही पुरती मरत नाहीत. रनटाइमला ती लागतात, म्हणून ‘ग्लोबल-मेटाडेटा’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ती ठेवलेली असतात. आयएल-टू-सीपीपी-डंपर हा प्रोग्रॅम दोन्ही फाइली जुळवून क्लास, फील्ड आणि मेथडचे पत्ते परत काढून देतो. मेथडच्या पोटातला कोड मात्र यंत्रभाषेतच वाचावा लागतो. चीट इंजिनच्या नव्या आवृत्त्यांनाही ही पद्धत कळते. त्यावर काही कंपन्या मेटाडेटाची फाइलच कुलूपबंद करतात, मग शोधणारे मेमरीत ती उघडल्यावर तिथून उचलतात. हा पाठलाग वर्षानुवर्षं चालू आहे.

प्रत्येक खेळ मॅनेज्ड असतो असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२०चा ‘राजी’ हा खेळ अनरिअल इंजिनवर बांधलेला आहे, म्हणजे मुळात सी++. त्यात मोनोची सोय निरुपयोगी. अनरिअलची स्वतःची नावांची नोंदवही असते, पण ती वाचायची तऱ्हा निराळी.

खेळ बनवणारेही हातावर हात ठेवून बसत नाहीत. युनिटीच्या दुकानात ‘अँटी-चीट टूलकिट’ मिळतं. त्यातला ‘ऑब्स्क्युअर्ड’ पूर्णांक वापरला की २५० नाणी मेमरीत २५० म्हणून राहतच नाहीत. गुप्त किल्लीशी मिसळलेला भलताच आकडा राहतो. साधा शोध तिथे हरतो. क्लासचं झाड उघडून तेच फील्ड नावाने गाठणारा हरत नाही, त्याला थोडा उशीर होतो इतकंच. म्हणून या धंद्यातल्या जाणकारांचं एका गोष्टीवर एकमत आहे: खेळणाऱ्याच्या हातात असलेल्या यंत्रावर काहीही कायमचं लपवता येत नाही. जे खरोखर जपायचं, ते तिथे ठेवूच नये.

फाशाचं उत्तर यातच आहे. चौघांनी एकच फोन फिरवत, नेट बंद ठेवून लुडो खेळला, तर फासा टाकणारा कोड त्या फोनमध्येच असतो. तो शोधता येतो, वाचता येतो, त्यात कुणाला झुकतं माप आहे का हेही तपासता येतं. ऑनलाइन लुडोत, तो नीट बांधलेला असेल तर, फोन सर्व्हरला विचारतो, सर्व्हर ‘चार’ असं सांगतो आणि फोन फासा गरगर फिरवून चारावर थांबवतो. फासा लोळतो तो फोनवर, पडतो तो सर्व्हरवर. मेमरी एडिटर कितीही तल्लख असला, तरी त्याला आलेला चार दिसेल, चार का आला ते दिसणार नाही. समोरचा खेळाडू हाडामांसाचा आहे की प्रोग्रॅम, हेही बहुधा दिसणार नाही. ‘लुडो हॅक’ म्हणून एपीके फाइली वाटणारे जे विकतात, ते म्हणूनच शुद्ध फसवणूक असतं, आणि त्या फाइलीतून फोनमध्ये काय शिरेल याचा नेम नाही. हे कात्रपच्या प्रत्येक पोराला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

सर्व्हरवरचा फासाही चुकीचा असू शकतो, आणि त्यामागे लबाडी असलीच पाहिजे असं नाही. याचं गाजलेलं उदाहरण १९९९चं. एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीचा पोकरचा प्रोग्रॅम प्लॅनेटपोकर या साइटवर चालत होता. आपली पिसणी किती निष्पक्ष आहे हे दाखवायला कंपनीने पत्ते पिसण्याचा कोडच जाहीर केला. अमेरिकेतल्या रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीजच्या संशोधकांनी तो वाचला. पिसणीची सुरुवात घड्याळावरून होत होती, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून. दिवसाचे मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख, म्हणजे पिसण्याचे प्रकारही तेवढेच. आपलं घड्याळ सर्व्हरशी जुळवलं की शक्यता दोन लाखांच्या आसपास उतरत. हातातली दोन पानं आणि टेबलावरची तीन उघडी पानं पाहून त्यांच्या प्रोग्रॅमने कुणाकडे काय आहे आणि पुढे काय येणार हे खेळ चालू असतानाच सांगितलं. कोड उघडा केला म्हणून दोष सापडला आणि दुरुस्त झाला. बंद राहिला असता, तर तो एखाद्या चोरालाच सापडला असता.

आजच्या साधनांतही हा धडा ताजा आहे. युनिटीची स्वतःची यादृच्छिक आकड्यांची सोय ‘झॉरशिफ्ट’ पद्धतीची आहे, तिची सगळी अवस्था चार आकड्यांत मावते. ते चार आकडे कळले की पुढचा प्रत्येक फासा कळला. स्फोटाच्या ठिणग्या उडवायला ती उत्तम. जिथे दुसऱ्याचं काही पणाला लागलेलं आहे, तिथे ती वापरू नये.

सर्व्हरच्या आत डोकावता येत नाही, पण बाहेरून मोजता येतं. सहाशे फाशांची नोंद ठेवली, तर सहा सुमारे शंभर वेळा पडायला हवा. ८२ ते ११८ या पट्ट्यात कुठेही पडला तर संशयाला फारसा आधार नाही. नोंद मात्र हरलेल्या आणि जिंकलेल्या दोन्ही डावांची हवी.

हे सगळं करणं कायद्यात बसतं का? भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९९च्या दुरुस्तीने एक महत्त्वाची मुभा आली. कलम ५२ म्हणतं, की प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला आहे ते काम करत असताना त्यामागच्या कल्पना आणि तत्त्वं समजून घेण्यासाठी त्याचं निरीक्षण, अभ्यास किंवा चाचणी केली तर तो हक्कभंग नाही. २०१२मध्ये आलेलं कलम ६५-अ दुसऱ्या बाजूला उभं आहे. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि दुसऱ्याच्या सर्व्हरशी परवानगीविना छेडछाड केली, की माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागतात. स्वतःच्या यंत्रावर बघणं आणि दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं यांत कायद्याने रेघ ओढली आहे, आणि ती योग्य जागी ओढली आहे.

मेमरीतला आकडा बदलणं ही मधली गोष्ट. तिच्यावर युरोपच्या न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२४ला निकाल दिला. सोनी विरुद्ध डेटेल. डेटेलचं उपकरण प्लेस्टेशन पोर्टेबलवरच्या ‘मोटरस्टॉर्म आर्क्टिक एज’ या शर्यतीच्या खेळात वेगाच्या झटक्यावरची मर्यादा उठवत होतं. ते प्रोग्रॅमच्या कोडला हात लावत नव्हतं, खेळ चालू असताना मेमरीतली मूल्यं तेवढी बदलत होतं. न्यायालयाने म्हटलं की त्या मूल्यांना कॉपीराइटचं संरक्षण नाही. निकाल भारतावर बंधनकारक नाही, पण त्यातला युक्तिवाद आपल्याकडेही उपयोगी पडेल असा आहे.

पण म्हणून ऑनलाइन फसवणूक माफ होत नाही. एकट्याने खेळायच्या खेळात आपली नाणी वाढवली तर कुणाचं काही जात नाही. ‘रिमवर्ल्ड’ आणि ‘स्टारड्यू व्हॅली’ यांच्याभोवती तर मॅनेज्ड कोड वाचून नवे भाग जोडणाऱ्यांचा मोठा समाजच उभा राहिला आहे. पण ज्या खेळात पलीकडे दुसरा माणूस बसला आहे, तिथे भिंतीपलीकडचं बघणारा त्याची संध्याकाळ चोरतो. या लेखाचं मत त्यात डळमळीत नाही.

खेळ चालवणाऱ्यांवर मात्र याहून जास्त जबाबदारी यायला हवी. जानेवारी २०२३मध्ये केंद्राने ऑनलाइन खेळांच्या नियमांचा मसुदा काढला, त्यात यादृच्छिक आकड्यांच्या प्रमाणपत्राचा आणि ‘बॉट नाही’ या प्रमाणपत्राचा उल्लेख होता. कल्पना चांगली होती. प्रमाणपत्राहून पुढे जाणारी पद्धतही आहे. डाव सुरू होण्याआधी सर्व्हरने आपल्या गुप्त बीजाचा, म्हणजे ज्या आकड्यावरून फासे निघतात त्याचा, हॅश (बोटाच्या ठशासारखी खूण) जाहीर करायचा, खेळाडूंच्या फोननी आपापला एक आकडा त्यात मिसळायचा आणि डाव संपला की बीज उघड करायचं. मग कुणीही ते बीज त्याच हॅशशी जुळवून बघू शकतो आणि सगळे फासे पुन्हा टाकून पडताळू शकतो. मध्येच बीज बदललं असेल तर हॅश जुळणार नाही. पैशांचे खेळ बंद झाले तरी नाणी, बक्षिसांच्या पेट्या आणि ई-स्पोर्ट्सच्या स्पर्धा राहिल्याच आहेत. त्यांना हे आजही लागू करता येईल.

हे सगळं शिकवायला जागा इथेच आहे. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीच्या तिसऱ्या वर्षाला सी शार्प आहे, वेब प्रोग्रॅमिंगच्या विषयात. उल्हासनगरच्या चांदीबाईसारख्या महाविद्यालयांत बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची मुलं शिकतात. पुण्यात आणि मुंबईत युबिसॉफ्ट या खेळ बनवणाऱ्या कंपनीचे स्टुडिओ आहेत. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं, त्यात रोजगाराची भाषा आहे. त्या रोजगारात फसवणूक पकडणाऱ्यांची गरज असणारच, आणि फसवणूक पकडायला आधी ती कशी होते हे हाताने करून पाहावं लागतं. एका सत्रात विद्यार्थ्यांनी स्वतःचा दोघांचा लुडो बांधावा, एका गटाने फासा फोनवर ठेवावा, दुसऱ्याने प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर, आणि मग खेळांची अदलाबदल करून चीट इंजिनने एकमेकांचा खेळ उघडून पाहावा. लागणारं सगळं सॉफ्टवेअर मोफत आहे.